आयर्विनला पाणी किती? पॅनिक अटॅक आणि घराबाहेर पडण्याच्या भीतीतून बाहेर येताना

२०१९ च्या दिवाळीआधीची गोष्ट. सांगलीच्या कापडपेठेत मॅचिंग सेंटरच्या काउंटरपाशी मी उभी होते. हातात नऊ ब्लाऊजपीसची पिशवी, पुढं सात-आठ बायका, आणि मोतिया रंगाचं अस्तर काही केल्या जुळत नव्हतं. एकाएकी छातीत धडधडायला लागलं. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, ट्यूबलाइटचा उजेड लांब लांब जातोय असं वाटलं. आता आपण इथंच पडणार, या सगळ्यांच्या पायात. पिशवी तिथंच टाकून मी बाहेर पळाले आणि रिक्षा करून घर गाठलं. जिना चढेपर्यंत बरंच हलकं वाटायला लागलं होतं.

त्या हलकं वाटण्यानंच पुढची अडीच वर्षं माझा घात केला. पळून आले म्हणून वाचले, असं शरीरानं पक्कं लिहून ठेवलं.

मी डॉक्टर नाही, घरी शिवणकाम करते. पण २०२२ मध्ये उपचार घेतले, समुपदेशक ताईंकडून एकेक गोष्ट शिकले आणि सगळं वहीत लिहून ठेवलं. आपल्याकडं याला कुणी गॅस म्हणतं, कुणी बीपी लो, कुणी बाहेरचं. त्या नावांमागं कितीतरी बायका-पुरुष घरात अडकून बसलेत. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

शरीरात नेमकं काय होतं

कृष्णेच्या घाटावर कपडे धूत असताना कुणी "मगर!" म्हणून ओरडलं, तर काय होईल? विचार करायच्या आत तुम्ही पायऱ्या चढून वर आलेले असाल. ॲड्रिनलिन रक्तात उतरतं, पायांना रक्त मिळावं म्हणून हृदय जोरात धावतं, श्वास भरभर होतो, घाम सुटतो, पोटात गोळा येतो. जीव वाचवायची ही जुनी सोय आहे आणि ती उत्तम काम करते.

पॅनिक अटॅकमध्ये हीच सोय मगर नसताना सुरू होते. बाहेर काही दिसत नाही म्हणून मन मगर आत शोधतं. छाती धडधडतेय म्हणजे हार्ट अटॅक. डोकं हलकं झालंय म्हणजे चक्कर येऊन पडणार. सगळं खोटं-खोटं वाटतंय म्हणजे वेड लागणार. या विचारानं भीती आणखी वाढते, भीतीनं धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड विचाराला पुरावा पुरवते. सगळा अटॅक या चक्रावर चालतो.

मुंग्या आणि बधिरपणाचं कारण कळलं तेव्हा मला रडू आलं होतं, इतकं ते साधं आहे. घाईघाईनं श्वास घेतला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. त्यानं मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आक्रसतात, म्हणून डोकं हलकं होतं. बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात त्याही त्यामुळंच. श्वास सावकाश झाला की हे आपोआप जागेवर येतं. आणि "पडणार" या भीतीबद्दल: बेशुद्ध पडायला सहसा रक्तदाब एकदम खाली यावा लागतो, अटॅकमध्ये तो बहुतेक वेळा थोडा वर गेलेला असतो. म्हणूनच पॅनिकमध्ये पडल्यासारखं वाटतं सगळ्यांना, प्रत्यक्ष पडतं क्वचित कुणी. रक्त किंवा सुई बघून ज्यांना चक्कर येते त्यांची गोष्ट वेगळी.

अटॅक काही मिनिटांत, साधारण दहाच्या आत, टोकाला जातो आणि बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत ओसरतो. पुढं दिवसभर अंग मोडून आल्यासारखं राहतं, ते वेगळं.

आधी तपासणी, पण एकदाच नीट

पहिल्यांदा असं झालं तर "टेन्शन असेल" म्हणून घरी बसू नका. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर एवढं तरी बघून घ्यावं. थायरॉइड वाढला असेल, रक्त कमी असेल, हृदयाचे ठोके बिघडत असतील किंवा साखर उतरत असेल, तरी हीच लक्षणं दिसतात. रोजचे चहाचे कप मोजा. मिसरी लावत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका. तंबाखूतलं निकोटीन आणि चहा-कॉफीतलं कॅफीन, दोन्हींनी धडधड वाढते.

चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपण येत असेल, कळ डाव्या हाताकडं किंवा जबड्याकडं जात असेल, दहा-पंधरा मिनिटांत उतरत नसेल, माणूस खरंच बेशुद्ध पडला असेल, किंवा मधुमेह-रक्तदाबाचा पेशंट असेल आणि दुखणं नवं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.

पण एकदा सगळं नीट तपासून झालं, डॉक्टरांनी हृदय चांगलं आहे म्हणून सांगितलं, की तिथं थांबायचं. मी एका वर्षात चार ईसीजी काढले. एका दवाखान्यात दर वेळी अशक्तपणा म्हणून सलाईन लावायचे. मी दोन तास पडून राहायचे, बरं वाटायचं, आणि सलाईननंच बरं वाटलं असं मी धरून चालायचे. अटॅक तसाही ओसरलाच असता. प्रत्येक "नॉर्मल" रिपोर्टनं चार दिवस धीर यायचा, पाचव्या दिवशी वाटायचं, मशीनला दिसलं नसेल. दुसऱ्या टोकाला "तुम्हाला काही झालेलं नाही" असं सांगून घरी पाठवणं, तेही चूकच. हृदयाला काही झालेलं नसतं, पण माणसाला झालेलं असतं, आणि त्यावर उपचार आहेत.

अटॅक आला की

समुपदेशक ताईंनी मला भीतीला शून्य ते शंभरमध्ये आकडा द्यायला सांगितला. मला ते जमेना. चाळीस कसं आणि साठ कसं? मग मला आपला सांगलीचा आकडा सुचला. पावसाळ्यात इथं माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला पाणी किती?" आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी तिथं फुटांत मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ते आकडे आमच्या हाडात आहेत. मी भीती फुटांत मोजायला लागले. कापडपेठेत झालं ते ५७. घरात उगाच धाकधूक होते ते २०-२२.

मोजण्याचा फायदा असा, की बुडणारी बाई क्षणभर काठावरची होते. "मेले, मेले" च्या जागी "३८ झालं, ४१ झालं" असं मनात चालू होतं.

अटॅक आला की पहिलं काम त्याला नावानं ओळखायचं: हा पॅनिक अटॅक आहे, आधीही आला होता, आधीही गेला होता. दुसरं सगळ्यात अवघड: जागा सोडायची नाही. खऱ्या पुरात घर सोडायलाच हवं, इथं नेमकं उलटं आहे. रांगेत असाल तर रांगेतच राहा. फार झालं तर बाजूला भिंतीपाशी उभं राहा, पण रिक्षाला हात करू नका. गाडी चालवत असाल तेव्हा मात्र कडेला घेऊन थांबा आणि उतरल्यावर पुढं जा.

मग श्वास. मोठमोठे श्वास घेऊ नका, त्यानं मुंग्या वाढतात. नाकानं चार अंक मोजेपर्यंत हलका आत, सहा अंक मोजेपर्यंत सावकाश बाहेर. भर बाहेर सोडण्यावर. तोंडाला कागदाची पिशवी लावायची जुनी पद्धत करू नका. दुखणं दम्याचं किंवा हृदयाचं निघालं तर ती धोक्याची ठरते. खांदे खाली सोडा, जबडा सैल करा, टाचा चपलेत टेकलेल्या जाणवू द्या. आणि जे करत होता तेच पुढं चालू ठेवा: अस्तर बघत होता तर अस्तरच बघा, हात थरथरत असला तरी.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. या पुराला विसर्ग आपणच सोडत असतो. "आता काय होईल, कोण बघतंय, घरी कशी जाऊ" हा प्रत्येक विचार म्हणजे कोयना धरणाचा आणखी एक दरवाजा वर. विचार थांबवता येत नाहीत, पण त्यांच्याशी भांडायचं थांबवता येतं. धडधडतंय, धडधडू दे. वरून भर पडली नाही की ॲड्रिनलिन काही मिनिटांत ओसरायला लागतं.

बाजाराची भीती

१८७१ साली बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल या डॉक्टरांनी मोकळे चौक आणि रस्ते ओलांडायला घाबरणाऱ्या पेशंटांबद्दल लिहिलं आणि त्या दुखण्याला अगोराफोबिया हे नाव दिलं. ग्रीक भाषेत अगोरा म्हणजे बाजाराचा चौक. हे ऐकल्यावर मी ताईंना म्हटलं, "म्हणजे कापडपेठच की!"

आज डॉक्टर यात पाच प्रकारच्या जागा बघतात: बस-रेल्वेसारखी वाहनं, मोकळी मैदानं आणि पूल, दुकान-नाट्यगृहासारख्या बंद जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटं असणं. यातल्या निदान दोन जागांची भीती सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकली आणि आयुष्य आक्रसायला लागलं, तर ते अगोराफोबिया असू शकतं. खरी भीती जागेची नसते. इथं अटॅक आला तर निघता येणार नाही, मदत मिळणार नाही, ही ती भीती.

माझं आयुष्य आक्रसलं ते कुणाला दिसलंच नाही. कापडपेठ सुटली, मुलगा अस्तर-हूक आणून द्यायला लागला. संकष्टीचं गणपती मंदिर सुटलं, मग मिरजेची एसटी. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं आणि सगळं गावच घरात बसलं, तेव्हा मला किती बरं वाटलं होतं हे सांगायला आजही जड जातं. पुढं सगळे बाहेर पडले, मी पडले नाही. गिऱ्हाईक घरी येत होतं, मशीन चालू होतं. पुरुष महिनाभर घरात बसला तर चार माणसं विचारतात. बाई बसली तर म्हणतात, किती घर सांभाळते. तुमच्या घरातली कुणी "मला बाजाराची आवडच नाही" म्हणायला लागली असेल, तर आधी तसं नव्हतं ना, एवढं तरी आठवून बघा.

माझं माहेर आयर्विन पुलापलीकडं, सांगलवाडीत. १९२९ सालचा पूल, चालत निघालं तर काही मिनिटांत पलीकडं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी गेले नाही. कधी गिऱ्हाईकाची घाई, कधी पाठदुखी. शेवटी एका दुपारी तीच काळा चष्मा लावून रिक्षानं आली. जिन्यात कठडा चाचपत वर चढली, दारात थांबून म्हणाली, "तुला काय झालंय गं? तू का येईनास?" मशीनवर कुणाच्या तरी ब्लाऊजची बाही अर्धी जोडलेली होती. मी तिथंच रडले आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं.

पायऱ्या

यावर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे भीतीच्या जागी मुद्दाम, ठरवून, पुन्हा पुन्हा जाणं. हे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीचा (विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारे बोलण्यातून होणारे उपचार) भाग म्हणून तज्ज्ञांच्या मदतीनं केलं तर उत्तम.

कागदावर दहा-बारा जागा लिहा, प्रत्येकीपुढं फूट. माझ्या यादीत गल्लीच्या कोपऱ्यावरचं किराणा दुकान १८ ला होतं, एकटीनं गणपती मंदिर सकाळी २६, संकष्टीला संध्याकाळी ३७, कापडपेठ दुपारी ४०, दिवाळीत ५०. मिरजेची एसटी विश्रामबागपर्यंत ४२, शेवटपर्यंत ४६. भावे नाट्यमंदिरात कडेची खुर्ची ३५, मधली ४८. आणि पूल चालत, एकटीनं, ५५.

खालच्या पायरीनं सुरुवात करा. निघण्याआधी वहीत लिहा, "काय होईल असं वाटतंय." परत आल्यावर शेजारी लिहा, "काय झालं." माझ्या डाव्या रकान्यात "पडेन, लोक जमतील" हे इतक्या वेळा आहे की मोजवत नाही. उजव्या रकान्यात ते एकदाही नाही. एकदा उलटी झाली. लोक जमले नाहीत, एका मावशींनी पाण्याची बाटली दिली आणि त्या निघून गेल्या.

त्या जागी थांबायचं किती वेळ? पाणी उतरायला लागेपर्यंत, किंवा जे होईल म्हणून भीत होता ते होत नाही हे कळेपर्यंत. पूर्ण शून्यावर यायची वाट बघू नका. अगदीच निघावं लागलं तर दहा मिनिटांनी परत जा, त्याच दिवशी. आठवड्यातून चार-पाच वेळा तरी करा. महिन्यातून एकदा मोठी उडी मारली तर शरीर काहीच शिकत नाही. एक जागा सोपी झाली की वेळ बदला, रस्ता बदला, गर्दीचा दिवस निवडा.

सुरुवातीला सोबत चालेल: आधी बरोबर, मग दहा पावलं मागं, मग फोनवर, मग घरी. पण कुबड्या हळूहळू सोडायलाच हव्यात. पर्समधली गोळ्यांची पट्टी, पाण्याची बाटली, दाराजवळचीच खुर्ची, सतत हातात धरलेला मोबाइल. यांच्यामुळं "बाटली होती म्हणून वाचले" असंच मन शिकतं. रामरक्षा मी आजही म्हणते, मनाला बरं वाटतं म्हणून. तेव्हा मात्र म्हटली नाही तर काहीतरी होईल म्हणून म्हणायचे, ती कुबडी होती. श्वास मोजण्याचंही तेच. शिकताना उपयोग करा, नंतर तोही सोडून बघा.

घरातही एक सराव आहे. धडधड, चक्कर, धाप यांचीच भीती बसलेली असते, म्हणून त्या मुद्दाम आणायच्या. जिना मिनिटभर भराभर चढा-उतरा. स्टुलावर बसून गोल फिरा. नाक धरून बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घ्या. मग शांत बसून ते उतरताना बघा. हृदयाचं दुखणं, दमा, फिट्स, गरोदरपण किंवा मानेचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

गोळ्या

गोळी घेणं म्हणजे हरणं नव्हे. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन यांसारख्या गोळ्या यासाठी देतात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता उलट वाढू शकते. हे आधी माहीत नसलं की माणूस चौथ्या दिवशी गोळी टाकून देतो. बरं वाटायला लागल्यावरही बरेच महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि बंद करताना डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू.

अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम या गोळ्यांनी पाऊण तासात शांत वाटतं, म्हणून त्या शेजारणीकडून शेजारणीकडं फिरतात. त्यांची सवय लागते आणि पायऱ्यांच्या सरावात त्या आड येतात. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिल्या तर तेवढ्याच दिवस घ्या. रोज घेत असाल तर एकदम थांबवू नका, ते धोक्याचं आहे.

घरच्यांसाठी

"मन घट्ट कर" म्हणू नका. मन घट्ट करूनच ती उभी असते. "चल, लगेच घरी जाऊ" हेही नको, मायेनं असलं तरी. आमचे हे सुरुवातीला गाडी काढूनच उभे असायचे. नंतर ते फक्त विचारायचे, "पाणी किती?" मी म्हणायचे, "४३." ते म्हणायचे, "बरं, थांबू." एवढंच. सासूबाईंनी दृष्ट काढली, मी काढू दिली. त्यांच्या हाताला माया होती. फक्त दृष्ट काढली म्हणून डॉक्टरांची तारीख चुकवली नाही.

मदत कुठं मिळते

सिव्हिल हॉस्पिटलमधल्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. बोलायला लाज वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर आजच फोन करा, घरातल्या एकाला आजच सांगा. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजार त्यात धरला आहे का ते विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नं विमा कंपन्यांना तो शारीरिक आजारासारखाच धरायला सांगितलं आहे.

पुन्हा आलं तर

येतं. तापातून उठल्यावर, जागरणं झाली की, घरात कुणाचं काही झालं की. मला आठ महिन्यांनी नाट्यमंदिरात आला आणि वाटलं सगळं पाण्यात गेलं. तसं नसतं. यादी काढायची, दोन पायऱ्या खाली जायचं आणि तिथून पुन्हा सुरू करायचं. दुसऱ्यांदा चढायला मला महिने लागले नाहीत, तीन आठवडे लागले.

पुलाची नोंद वहीत अशी आहे: "आयर्विन, चालत, एकटी, संध्याकाळी साडेपाच. काय होईल: मधोमध पाय गळतील, कठड्याला धरून बसावं लागेल. काय झालं: तिसऱ्या कमानीपाशी ४९. थांबले. खाली नदीकडं बघितलं. एक मुलगा सायकलवरून घंटी वाजवत गेला. ४४. ३९. चालायला लागले. आईनं दार उघडलं आणि विचारलं, रिक्षानं आलीस का?"

पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले. ४१.